जखम पाहून, कागद पाहून

धागा दीर्घ आहे. सवडीने वाचावा.

गोंडपिपरीच्या एका वाचकाने तीन कागदांची छायाचित्रे पाठवली आणि खाली एकच ओळ लिहिली : "सर, बाबांच्या गुडघ्यावरचा व्रण सगळ्या गावाला दिसतो, फक्त सरकारला दिसत नाही. असं का?" वडील लष्करात शिपाई होते. प्रशिक्षणात भिंत ओलांडताना पडले, शस्त्रक्रिया झाली, मांडीपासून नडगीपर्यंत टाक्यांची जाड रेघ राहिली आणि पाय पुरता दुमडेनासा झाला. काही वर्षांनी ते ‘बोर्ड आउट’ झाले, म्हणजे वैद्यकीयदृष्ट्या अपात्र ठरवून घरी पाठवले गेले. पहिला कागद डिस्चार्ज बुकाचा, दुसरा मेडिकल बोर्डाच्या अहवालाचा, तिसरा पेन्शनच्या अर्जाला आलेल्या उत्तराचा. उत्तर इंग्रजीत आणि एका वाक्याचे होते : अपंगत्व वीस टक्क्यांपेक्षा कमी असून सेवेशी त्याचा संबंध नाही.

या एका वाक्यात दोन स्वतंत्र नकार आहेत. दोहोंमागे मोठा इतिहास आहे आणि त्याचा एक धागा थेट शिवकालापर्यंत जातो. तिथूनच सुरुवात करू.

कृष्णाजी अनंत सभासदाची बखर सतराव्या शतकाच्या अखेरीस, राजाराम महाराजांच्या काळात, जिंजीला लिहिली गेली. अफजलखानाच्या प्रसंगानंतर महाराजांनी लोकांची कशी विचारपूस केली, हे सभासद सांगतो. मेलेल्यांचे मुलगे असतील तर त्यांना चाकरीत घेऊन घर चालवावे, मुले नसतील तर बायकोला निम्मे वेतन द्यावे, आणि जखमींना माणशी दोनशे, शंभर, पन्नास, पंचवीस होन द्यावेत. रक्कम ठरवायची ती जखम पाहून. ‘जखम पाहून’ हे दोन शब्द मला फार महत्त्वाचे वाटतात. चार पायऱ्यांचे हे कोष्टक आहे. पुढे जगभरच्या सरकारांनी टक्के, इंच आणि पोटनियम लावून जे उभे केले, त्याचे बीज इथे दिसते. फरक एवढाच की पाहणारा समोर उभा असे आणि लढाईही त्याच्या माहितीतली असे. जखम कुठे झाली, कशी झाली, सेवेमुळे झाली की नाही, हा प्रश्नच उद्भवत नव्हता.

तेव्हाच्या समाजात व्रण हाच पुरावा होता. वार समोरून घेतला की पाठीवर, यावरून माणसाची पत ठरे. पेशवाईच्या कागदांत ‘बालपरवेशी’ आणि ‘नानपरवेशी’ हे शब्द येतात. पहिला पडलेल्या शिपायाच्या मुलाबाळांच्या पोषणासाठी दिलेल्या नेमणुकीचा. दुसऱ्यातला ‘नान’ म्हणजे भाकरीच. शिपाईगिरीत कामी आलेल्याच्या वा निकामी झालेल्याच्या घरी चूल पेटती राहावी, एवढा साधा अर्थ त्या शब्दांत आहे. व्यवस्था सर्वांना सारखी लाभत होती, असे मात्र कोणी समजू नये. सरदाराच्या शब्दाला जे वजन होते ते शिलेदाराच्या शब्दाला नव्हते, आणि पागेच्या मागे चालणाऱ्या बिगाऱ्याला तर कोणी विचारत नव्हते.

आता १८१८. त्या वर्षाच्या पहिल्या दिवशी भीमेकाठी कोरेगावची लढाई झाली आणि मे महिन्यात कंपनीच्या फौजेने आपला चांद्याचा किल्ला घेतला. चांद्याला भोसल्यांचा किल्लेदार गंगासिंग लढता लढता पडला. कोरेगावला पुढे विजयस्तंभ उभा राहिला आणि त्याची राखण खंडोजी बिन गजोजी या जमादाराकडे १८२४ मध्ये सोपवण्यात आली. तो स्वतः त्या लढाईत जखमी झाला होता. जखमेच्या मोबदल्यात मान, जबाबदारी आणि नेमणूक, हा तर जुन्या वतनी पद्धतीचाच नमुना; नव्या राजवटीने तो सहज उचलला. चांद्याच्या तटावर जे जखमी झाले त्यांना मात्र जखम दाखवायला दरबारच उरला नाही. हरलेल्या सैन्याच्या जखमींना अपील नसते. या विषयाच्या इतिहासात ही गोष्ट क्वचितच लिहिली जाते, म्हणून इथे नोंदवून ठेवतो.

कंपनी सरकारने या क्षेत्रात खरी क्रांती केली ती कागदाची. अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालच्या फौजेतील निकामी शिपायांना बिहारात जमिनी देऊन वसवण्यात आले. त्या वसाहतींना ‘इनव्हॅलिड ठाणी’ म्हणत. पुढे रोख पेन्शन रुळले. शिपायाला तपासून तो चाकरीस अयोग्य आहे की नाही हे ठरवणाऱ्या समित्या बसू लागल्या आणि त्याआधी, भरतीच्याच दिवशी, प्रत्येकाचे वर्णनपत्र तयार होऊ लागले : नाव, बापाचे नाव, गाव, जात, उंची, आणि अंगावरच्या खुणा. गालावर देवीचे वण, कपाळावर जुनी खोक, मनगटावर गोंदण. हेतू साधा होता. शिपाई पळाला तर ओळखता यावा आणि तो मेल्यावर दुसऱ्याच कोणी त्याचे पेन्शन उचलू नये. वाचकांनी ही खुणांची नोंद ध्यानात ठेवावी. धाग्याच्या शेवटी ती पुन्हा लागणार आहे.

इथून ‘जखम पाहून’ची जागा ‘कागद पाहून’ने घेतली. तिचा एक अनपेक्षित परिणाम आपल्याकडे झाला. पेन्शनीत निघालेल्या शिपायाला अर्ज कसा लिहावा हे कळू लागले. महार पलटणींतून निवृत्त झालेल्या हवालदार-सुभेदारांच्या वस्त्या दापोलीसारख्या ठिकाणी झाल्या होत्या. १८९०च्या दशकात महारांची लष्करभरती बंद झाली तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये अर्ज तयार केला, आणि पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी तीच मागणी चालवली. विषय अपंगत्वाचा नव्हता, हे खरे. पण ‘आम्ही रक्त सांडले, त्याची नोंद तुमच्याच दफ्तरात आहे, ती उघडून पाहा’ ही युक्तिवादाची रीत त्या अर्जांमध्ये घडली. आजचे माजी सैनिकांचे अपील त्याच रीतीने चालते.

टक्के आले ते पहिल्या महायुद्धात. १९१७च्या ब्रिटिश राजाज्ञेने अपंगत्वाचे कोष्टक घातले. दोन अवयव गेले तर शंभर टक्के, गुडघ्याखाली पाय गेला तर पन्नास, दोन बोटे गेली तर वीस. चेहरा अतिशय विद्रूप झाला असेल तर त्यालाही शंभर टक्के. विचार करा, हातपाय शाबूत असलेल्या माणसाला केवळ चेहऱ्यावरच्या व्रणांसाठी पूर्ण अपंग मानले गेले, कारण असा माणूस जगात कसा वावरणार याचा हिशेब कोणीतरी केला होता. हे कोष्टक ब्रिटिश सैनिकांसाठी होते. त्याच युद्धात हिंदुस्थानातून तेरा लाखांहून अधिक माणसे गेली. त्यांची पेन्शने वेगळ्या नियमांनी आणि बऱ्याच कमी दरांनी ठरली. चेहऱ्याची किंमतही कातडीचा रंग पाहून ठरत होती.

१९१९ मध्ये ब्रिटनने पेन्शनसाठी स्वतंत्र अपील न्यायाधिकरणे निर्माण केली. १९२१ मध्ये खर्चाच्या धास्तीने सात वर्षांची मुदत घातली : सेवामुक्तीनंतर सात वर्षांच्या आत दावा केला नाही तर हक्क गेला. वायूने जळलेली फुप्फुसे आणि आत राहिलेले लोखंडाचे कण मात्र अशी मुदत पाळत नाहीत. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये, या अनुभवातून शहाणपण आले. सिद्ध करण्याचा भार सैनिकावर टाकू नये आणि वाजवी शंकेचा फायदा त्यालाच द्यावा, हे तत्त्व तिथे लेखी झाले. पुढे ते आपल्याकडे आले.

आपल्याकडे, म्हणजे महाराष्ट्रात, या काळात जे घडले ते जखम भरून आल्यावर माणसाने काय करायचे या प्रश्नाला धरून घडले. १९१७ मध्ये लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने मुंबईत अपंग सैनिकांना हस्तव्यवसाय शिकवणारी क्वीन मेरीज टेक्निकल शाळा निघाली. काही वर्षांनी ती पुण्याजवळ खडकीला हलली आणि आजही तिथे आहे. १९४४ मध्ये पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र स्थापन झाले. पाठीच्या कण्याला इजा झालेल्या सैनिकांसाठी खडकीलाच १९७४ पासून पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५च्या युद्धात सियालकोट आघाडीवर गोळ्या लागून जायबंदी झाले, एक गोळी कण्यात राहिली, आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत त्यांनी भारताला पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. पद्मश्री मिळाली ती २०१८ मध्ये. छेचाळीस वर्षांनी! त्यांच्या व्रणांबद्दल वाद घालण्यासारखे काही नव्हते, तरी दखल घ्यायला एवढा काळ लागला. मग भिंतीवरून पडून गुडघा फुटलेल्या शिपायाचे काय, हे वेगळे सांगायला नको.

आता पुन्हा त्या दोन नकारांकडे वळू. आधी वीस टक्क्यांचा.

१९६१च्या लष्करी पेन्शन विनियमांत १७३ क्रमांकाचे कलम आहे. अपंगत्व सेवेमुळे उद्भवलेले वा सेवेमुळे बळावलेले असावे आणि ते वीस टक्के किंवा अधिक असावे, अशा दोन अटी त्यात आहेत. एकोणीस टक्के म्हणजे शून्य. टक्के ठरवायचे ते त्याच वयाच्या निरोगी माणसाशी तुलना करून. त्याचा धंदा कोणता, याचा विचार करायचा नाही. शहरात खुर्चीवर बसून काम करणाऱ्याचा आणि गोंडपिपरीच्या बांधीत धानाची रोवणी करणाऱ्याचा न दुमडणारा गुडघा कागदावर सारखाच. आषाढात दिवसभर वाकून चिखलात उभे राहणे हे ज्याचे पोट आहे, त्याच्यासाठी ते टक्के काय सांगतात? नियमाची बाजूही समजून घ्यावी : धंदा धरून टक्के दिले तर बढई आणि कारकून यांच्या एकाच जखमेला दोन भाव येतील आणि भांडणांना अंत राहणार नाही. तरीही मला हा नियम शेतकऱ्याच्या घरच्या शिपायावर अन्याय करणारा वाटतो.

व्रणांचा सूक्ष्म हिशेब पाहायचा असेल तर अमेरिकेकडे पाहावे. तिथल्या नियमावलीत चेहरा, डोके आणि मान यांवरील व्रणासाठी आठ लक्षणे दिली आहेत : लांबी १३ सेंटिमीटर वा अधिक, रुंदी किमान ०.६ सेंटिमीटर, पृष्ठभाग उंचावलेला वा खोलगट, खालच्या मांसाला चिकटलेला, रंग बदललेला, पोत बिघडलेला, आतले मांस गेलेले, कातडी कडक झालेली. यांतले एक लक्षण असेल तर दहा टक्के, दोन-तीन असतील तर तीस, चार-पाच असतील तर पन्नास, सहा वा अधिक असतील तर ऐंशी. अंगावर इतरत्र दुखरे किंवा वारंवार उलणारे व्रण असतील तर ते मोजायचे. एक-दोन असले तर दहा टक्के, पाच किंवा अधिक असले तर तीस. दहा टक्क्यांनाही दरमहा पैसे मिळतात. तिथले अपील मंडळ १९३३चे आहे आणि त्याच्यासमोर व्रणांची हजारो प्रकरणे चालतात. फूटपट्टी लावून व्रण मोजणे हास्यास्पद वाटेल, पण फूटपट्टीचा एक गुण असा की ती सर्वांना सारखी असते. गंमत म्हणजे त्या मंडळाच्या निर्णयावर न्यायालयात जाण्याची वाट अमेरिकन सैनिकाला १९८८च्या कायद्याने मिळाली. आपल्याकडे उच्च न्यायालयाचे दार राज्यघटनेने १९५०पासूनच उघडे ठेवले होते.

आपल्याकडील वीस टक्क्यांच्या भिंतीला पहिले मोठे भगदाड २०१४ मध्ये पडले. सुखविंदर सिंग यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने साधा प्रश्न विचारला : ज्या माणसाला अपंगत्वामुळे तुम्ही सेवेतूनच काढले, त्याचे अपंगत्व वीस टक्क्यांहून कमी कसे असेल? किरकोळ होते तर त्याला ठेवून घ्यायचे होते. ज्याला बोर्ड आउट केले त्याचे अपंगत्व वीस टक्क्यांच्या वरच मानावे, असे न्यायालयाने म्हटले. त्याच वर्षी १० डिसेंबरला राम अवतार प्रकरणाचा निकाल आला. २००१च्या एका सरकारी पत्रानुसार पन्नासच्या आतले अपंगत्व पन्नास, पन्नास ते पंचाहत्तर हे पंचाहत्तर आणि त्यावरचे शंभर धरायचे होते. फौजेत याला ‘राउंडिंग ऑफ’ म्हणतात. सरकारचे म्हणणे होते की हा लाभ बोर्ड आउट झालेल्यांपुरताच आहे. मुदत पुरी करून निवृत्त झालेल्यांनाही तो मिळाला पाहिजे, असे न्यायालयाने ठरवले.

रुपयांत याचा अर्थ काय? शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या वेतनाच्या तीस टक्के ‘अपंगत्व अंश’ मिळतो आणि कमी टक्क्यांना त्या प्रमाणात. वीस टक्के अपंगत्व असेल तर शंभर रुपयांमागे सहा रुपये, पन्नास धरले तर पंधरा. शिवाय बोर्ड आउट झालेल्याला सेवेचा अंश वेगळा. शहरातल्या वाचकाला हा फरक लहान वाटेल. धानाचे पीक एका पावसाने जाते अशा घरात दर महिन्याच्या ठरावीक तारखेला येणारी ही रक्कम म्हणजे दुकानदाराकडची पत असते.

दुसरा नकार अधिक गहन आहे : ‘सेवेशी संबंध नाही.’

कारगिलच्याही आधीची गोष्ट. सिग्नल कोअरमध्ये १९८५ मध्ये भरती झालेला धरमवीर सिंग नावाचा शिपाई नऊ वर्षांच्या नोकरीनंतर, १९९४ मध्ये, फेफऱ्याच्या विकारामुळे बोर्ड आउट झाला. अपंगत्व वीस टक्के, कायमचे. बोर्डाने लिहिले की विकाराचा सेवेशी संबंध नाही. का नाही, हे लिहिले नाही. इथे व्रण दिसणारा नव्हता, डोक्याच्या आत होता. प्रकरण उच्च न्यायालयात एकल न्यायाधीशांपुढे जिंकले, खंडपीठापुढे हरले आणि २ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिपायाच्या बाजूने निकाल दिला.

त्या निकालाचा गाभा १९८२च्या पात्रता नियमांत होता. हे नियम सरकारनेच केलेले होते. न्यायालयाने ते फक्त नीट वाचले. भरतीच्या वेळी नोंद नसेल तर माणूस निरोगी होता असे गृहीत धरायचे. वैद्यकीय कारणाने त्याला काढले तर प्रकृती सेवेमुळे बिघडली असे गृहीत धरायचे. दावेदाराला काही सिद्ध करायला सांगायचे नाही आणि वाजवी शंकेचा फायदा त्याला द्यायचा. विकार भरतीच्या वेळी ओळखता आला नसता असे बोर्डाचे मत असेल, तर तसे मानण्याची कारणे बोर्डाने लिहायची. १९४३च्या लंडनमधले तत्त्व असे १९८२च्या दिल्लीमार्गे एका शिपायाच्या कामी आले. नियमांत ते एकतीस वर्षे होते आणि एवढी वर्षे असंख्य अर्जांना एका वाक्याची उत्तरे जात होती.

दाव्याची वाट अशी असते. मेडिकल बोर्डाचे मत, मग रेकॉर्ड ऑफिस आणि पूर्वीच्या काळी अलाहाबादचे पेन्शन लेखा कार्यालय, मग पहिले अपील, मग दुसरे अपील. ही दोन्ही अपिले खात्याच्या समित्यांपुढेच. २००९ मध्ये सशस्त्र दल न्यायाधिकरण सुरू झाले. महाराष्ट्र, गुजरात आणि गोव्यासाठी त्याचे खंडपीठ मुंबईत आहे. गोंडपिपरीहून कोठारी-बल्लारपूरमार्गे चंद्रपूर, तिथून नागपूर आणि नागपूरहून मुंबई आठशे किलोमीटरच्या पुढे. २०१५ मध्ये मेजर जनरल श्रीकांत शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधिकरणाच्या निर्णयांविरुद्ध उच्च न्यायालयात जाण्याची वाट जवळपास बंद केली. त्यानंतर उरले ते दिल्ली, तेही सार्वजनिक महत्त्वाचा कायद्याचा मुद्दा असेल तरच. शिपायाच्या गुडघ्यात सार्वजनिक महत्त्व कुठून आणायचे? ही वाट परशोतम दास प्रकरणात मार्च २०२३ मध्ये पुन्हा उघडली. मधल्या आठ वर्षांत जे थकून बसले त्यांची मोजदाद कुठे नाही.

थकून बसलेल्यांसाठी २००८चा तरसेम सिंग निकाल महत्त्वाचा आहे. हा सैनिक १९८३ मध्ये बोर्ड आउट झाला आणि सोळा वर्षांनी न्यायालयात गेला. पेन्शन नाकारणे हा दर महिन्याला नव्याने होणारा अन्याय आहे, म्हणून उशीर झाला तरी हक्क मरत नाही, असे न्यायालयाने म्हटले. मात्र थकबाकी याचिकेच्या मागच्या तीनच वर्षांची मिळेल. ब्रिटनच्या सात वर्षांच्या मुदतीपेक्षा हे कितीतरी माणुसकीचे आहे. पण तीन वर्षांचा हिशेब असा की घरात पडून राहिलेला प्रत्येक महिना कायमचा जातो.

प्रत्येक दावा मान्य होतो असे कोणी समजू नये. जुझार सिंग प्रकरणात, २०११ मध्ये, वार्षिक रजेवर असताना झालेल्या अपघाताचा सेवेशी संबंध नाही असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. उलट १९९९ मध्ये मदन सिंग शेखावत प्रकरणात, मंजूर रजेवर घरी जाताना रेल्वेतून उतरताना हात गेलेल्या सैनिकाला पेन्शन मिळाले. दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचले म्हणजे ही रेषा किती बारीक आहे ते कळते. सरकारची तक्रारही निराधार नाही. महालेखापालांच्या २०२३च्या अहवालानुसार २०१५-१६ ते २०१९-२० या काळात दरवर्षी निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी ३६ ते ४० टक्क्यांना अपंगत्व पेन्शन मिळाले. अधिकारी नसलेल्यांमध्ये हे प्रमाण १५ ते १८ टक्के होते. हे आकडे मी दोनदा वाचले. खंदकात कोण असते आणि अर्ज कोणाला लिहिता येतो, या दोन प्रश्नांची उत्तरे त्यांत एकदम मिळतात. सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारने नवे पात्रता नियम आणले आणि सेवेत टिकून राहिलेल्यांसाठी ‘इम्पेअरमेंट रिलीफ’ असे नवे नाव दिले. त्यावरून माजी सैनिकांत मोठी नाराजी आहे. त्यांची भीती अशी की गैरवापर वरच्यांनी केला आणि कात्री खालच्यांना लागेल. मला ही भीती अनाठायी वाटत नाही. २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने गवस नावाच्या माजी सुभेदाराच्या प्रकरणात मधुमेहाबाबत पुन्हा तेच बजावले : शांततेच्या ठिकाणी नेमणूक होती, एवढे लिहून भागणार नाही, बोर्डाने कारण लिहिले पाहिजे.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाचकांसाठी एक वेगळी गोष्ट सांगणे भाग आहे. बल्लारपूरजवळ भिवकुंडला २०१९पासून सैनिकी शाळा आहे आणि इथली मुले फौजेत जातील. पण या जंगलांत गेल्या चार दशकांत जखमी झालेले बहुसंख्य जवान फौजेतले नाहीत. ते १९९० मध्ये उभारलेल्या सी-६० पथकाचे, राज्य पोलिसांचे किंवा केंद्रीय राखीव पोलीस दलाचे. सुरुंगाच्या छऱ्यांचे व्रण तेच, पण दार निराळे. सशस्त्र दल न्यायाधिकरण फक्त भूदल, नौदल आणि हवाई दलासाठी आहे. राखीव पोलीस दलाच्या जवानाला असाधारण पेन्शन नियमांखाली दावा करावा लागतो आणि वाद झाल्यास थेट उच्च न्यायालय. राज्य पोलिसाला महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण. त्याचे खंडपीठ नागपूरला आहे. धरमवीर सिंगाचा निकाल त्यांच्या वकिलांनी दाखवावा जरूर, पण तो लष्कराच्या नियमांवर उभा आहे, आपोआप लागू होत नाही. एकाच आष्टी-आलापल्ली रस्त्यावर जखमी झालेल्या दोन माणसांना, गणवेश वेगळा म्हणून, वेगळा कायदा लागू होतो.

आता त्या तीन कागदांकडे. वाचकाला मी एवढेच कळवले की चंद्रपूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून अर्जाचा नमुना घ्यावा, मेडिकल बोर्डाच्या संपूर्ण कार्यवाहीची प्रत मागावी, आणि पडल्यानंतर युनिटने भरलेला इजा-अहवाल, ज्याला फौजेत आयएएफवाय-२००६ म्हणतात, तो दफ्तरात आहे का हे विचारावे. बोर्डाच्या अहवालात ‘संबंध नाही’च्या पुढे कारणासाठी ठेवलेली जागा कोरी आहे, हे छायाचित्रात स्पष्ट दिसते. बोर्ड आउट झालेल्याचे टक्के वीसच्या आत लिहिले आहेत, हेही दिसते.

आणि डिस्चार्ज बुकाचे पहिले पान. कंपनीच्या काळापासून चालत आलेला तो रकाना अजून तिथे आहे : ओळखीच्या खुणा. भरतीच्या दिवशी कोणीतरी कारकुनाने निळ्या शाईत दोन खुणा लिहिल्या आहेत. डाव्या भुवईवर तीळ. उजव्या मनगटावर गोंदण. गुडघ्याबद्दल काही नाही.